एकतिसाव्या घरचं पाणी

ट्रेवरच्या मोराला तुरा नव्हता. तिथला रंग उडून काळा टवका पडला होता. तो टवका मी आदल्या दिवशी पाहिला होता, पण तो दुसऱ्या घरात, दुसऱ्या बाईच्या हातातल्या ट्रेवर.

मी मांडीवरच्या फॉर्मवर पेन तसंच धरून बसले. ट्रेमध्ये निळ्या काचेचे दोन ग्लास होते आणि बशीत भाजलेला पापड. आता नीट पाहिलं तर ग्लासही ओळखीचेच निघाले.

"घे," मोतीबाई म्हणाल्या.

"मला नको. पाणी आहे माझ्याकडे." मी पिशवीतून डोकावणाऱ्या फिरकीच्या तांब्याकडे बोट केलं.

मोतीबाई तलरेजा साठीच्या असतील. अंगात पांढरी सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी, पाय अनवाणी. त्यांनी ट्रे खाली ठेवला नाही. तो हातात धरूनच त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एकतीस घरं झाली तुझी ह्या कॉलनीत. एकाही घरी पाणी नाय प्यालीस. आमच्या बायका रोज संध्याकाळी एकमेकींना विचारतात, आज तरी प्याली काय ती वहीवाली? नाय प्याली. आमच्या पाण्यानं बाटतेस काय तू?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तसं नाही हो, मावशी. माझा चातुर्मासाचा नेम आहे. चार महिने दुसऱ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आमच्या पद्मशाली घरांतही घेतलं नाही मी."

"मग पहिल्या घरी का नाय सांगितलंस?"

"नेम सांगत फिरायचा नसतो."

"असं? आणि लोकांनी काय समजायचं?"

मोतीबाईंनी ट्रे स्टुलावर ठेवला, त्यातला एक ग्लास उचलला आणि "बस, उठू नको" म्हणून त्या पडद्याआड गेल्या.

मीही बसून राहिले. कारण त्या फॉर्मांवर माझं सगळं अवलंबून होतं.

ही गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. मी एकोणीस वर्षांची होते, नगरच्या कॉलेजात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही पद्मशाली. माझ्या आजोबांचे आजोबा दुष्काळात तेलंगणातून चालत नगरला आले ते पाठीवर मागाची फणी बांधून, असं माझे वडील सांगत. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आमचे पुरुष मागावर लुगडी विणायचे, बायका विड्या वळायच्या. उंबऱ्याच्या आत तेलुगू आणि बाहेर मराठी, अशी आमची राहणी.

नानांचं एक जुनं दुखणं होतं. ते सिंधी लोकांचं.

"ते फाळणीनंतर आले, अंगावरच्या कपड्यांनिशी," जेवताना कधीही हा विषय निघायचा. "आपण त्यांच्या शंभर वर्षं आधी आलो. आज त्यांच्या दुकानाच्या पायरीवर आपलं लुगडं घेऊन आपण उभे. आपल्यात काय कमी पडलं, एवढं मला कुणीतरी सांगावं."

सांगणारे पुष्कळ होते. कुणी म्हणे आपले लोक आळशी, कुणी म्हणे आपल्यात एकी नाही, कुणी आपल्या पुरुषांच्या शिंदी पिण्याकडे बोट दाखवी. नाना ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी परत विचारत.

त्या वर्षी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून रेगेबाई नगरला आल्या. बाहेरून येऊन वसलेल्या दोन समाजांची तुलना त्यांना करायची होती, चाळीस घरं पद्मशाल्यांची आणि चाळीस सिंध्यांची. कोण किती शिकलं, किती कमावतं, घरात काय काय आहे, असे दोन पानी प्रश्न. तेलुगू येणारी मुलगी हवी होती म्हणून आमच्या सरांनी माझं नाव सुचवलं. स्वतःच्या गल्लीत विचारायचं नाही, एवढी बाईंची एकच अट होती.

"काम चांगलं झालं तर दिवाळीनंतर पुण्याला ये," त्या म्हणाल्या होत्या. "सहायक म्हणून घेते. वसतिगृहात सोय करू, पुढचं शिकता येईल."

हे मी घरी सांगितलं तेव्हा नानांनी मागाचा धोटा थांबवलासुद्धा नाही. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाले. भिवंडीचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचे चार यंत्रमाग होते. तुळशीचं लग्न झालं की माझं, असं आईनं मनात धरलं होतं. म्हणजे ते ऐंशी फॉर्म नीट झाले तर पुणं, नाहीतर भिवंडी. माझ्यापुरतं इतकं साधं होतं ते.

पद्मशाल्यांची चाळीस घरं मी आधी केली. ती पलीकडच्या आळीत, जिथं माझी धाकटी मावशी राहत असे. तिला आम्ही चिन्नम्मा म्हणायचो. घराघरांत चटई, घागर, विड्यांचं सूप आणि भिंतीवर मार्कंडेय ऋषींची तसबीर, एवढंच दिसलं. मग सिंधी कॉलनी सुरू केली. तिथं दारातच सोफा, कोपऱ्यात फ्रिज, ट्रेमधून काचेचे ग्लास. अर्ध्यावर आल्यावर मी बाईंना आकडे पाठवले. त्यांचं उलटटपाली कार्ड आलं, 'फरक मला वाटलं होतं त्याहून ठळक आहे, शाबास.'

ते कार्ड मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

"ये इकडे," आतून मोतीबाईंनी हाक मारली. "चपला काढून ये."

त्या कॉलनीतला पडदा ओलांडून मी आत जाण्याची ती पहिली वेळ. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात फळीवर झुलेलालची तसबीर होती, मासळीवर बसलेली, पांढऱ्या दाढीची. पुढे कणकेच्या दिव्यात ज्योत तेवत होती. मोतीबाईंनी तो पाण्याचा ग्लास दिव्यापुढे ठेवला होता. ओढणीचा पदर दोन्ही हातांनी पसरून त्या पुटपुटत काहीतरी म्हणत होत्या. संपल्यावर त्यांनी ग्लास उचलून माझ्यापुढे धरला.

"आमचा झुलेलाल पाण्याचा देव. त्याच्यापुढे ठेवलेलं पाणी ना माझ्या घरचं, ना तुझ्या घरचं. तुमच्यात प्रसाद चालतो की नाय नेमाला?"

"चालतो," मी म्हणाले.

"मग पी. माझापण नेम चाललाय, चाळीस दिवसांचा. आम्ही चाळीहो म्हणतो. चप्पल नाय, गादी नाय, एक वेळ जेवण. मला नको सांगू नेम काय असतो ते."

मी दोन्ही हातांनी ग्लास घेतला आणि उभ्या उभ्या पाणी प्याले. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

वळून पाहिलं तर खोलीच्या मधोमध साडीचा आडोसा बांधलेला. त्याच्या पलीकडे जमिनीवर दोन सुना बसलेल्या. दोघींच्या भोवती शर्टांचे ढीग होते, एकीच्या तोंडात सुई, दुसरीच्या ओच्यात बटणं. तीन मुलं त्या ढिगांवरच झोपली होती. सुनांचं वय माझ्यापेक्षा फार नव्हतं.

"प्याली," धाकटी सून म्हणाली आणि उठून मागच्या दाराकडे गेली. परसातल्या भिंतीपाशी उभी राहून तिनं पलीकडच्या घराला ओरडून सिंधीत तीच बातमी दिली असावी, कारण तिकडून टाळ्यांचा आवाज आला.

"कॉलनीत पैज लागली होती," मोठी सून म्हणाली. "मी हरले. मी म्हटलेलं, ही चाळीस घरं कोरडीच जाणार."

मी हसले आणि मग धीर करून विचारलं, "मावशी, तो मोराचा ट्रे कुणाचा आहे?"

सुना एकमेकींकडे पाहू लागल्या. मोतीबाईंनी पाट पुढे सरकवला. "बस खाली. तेरा नंबरवाल्या ईश्वरीचा आहे. तिच्या लग्नातला."

"मग तो सगळीकडे कसा येतो?"

"तू पायरी उतरलीस की भिंतीवरून पुढच्या घरी जातो. ग्लास सहा होते. तू आठव्या घरी होतीस तेव्हा एक फुटला. ईश्वरी दोन दिवस बोलत नव्हती कुणाशी."

"आणि फ्रिज?"

"फ्रिज आमचाच. जा, उघडून बघ."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन फ्रिज उघडला. आत दिवा लागला नाही. वरच्या खणात बटणांचे डबे होते, मधल्या खणात मुलांच्या घड्या केलेल्या चड्ड्या, खाली शाळेची पुस्तकं.

"दुकानदार फेकत होता," मोतीबाई आतून म्हणाल्या. "थंड नाय होत, पण उंदीर नाय शिरत."

मी परत येऊन पाटावर बसले. फॉर्मवर मी 'फ्रिज: आहे' असं लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. "मुलगा कापडदुकानात आहे म्हणालात."

"दुकानातच आहे. दुकान दुसऱ्याचं आहे. तू ते कुठं विचारलंस?"

खरंच ते त्या दोन पानांत नव्हतं.

"पण कशासाठी, मावशी? मी काही तुमचं लग्न ठरवायला आले नव्हते."

धाकटी सून परत हसली, पण मोतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक शर्ट ओढून मांडीवर घेतला आणि काजाला सुई लावली.

"आम्ही कल्याणच्या कॅम्पात होतो. मिलिटरीच्या बराकी, एकात आठ कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. मी पंचवीसची, कडेवर पोर. एक कारकून यायचा, तुझ्यासारखीच वही घेऊन. काय आहे? काही नाय. काय आहे? काही नाय. दर वेळी तेच. शेवटी त्यानं आमच्या नावापुढे 'निराधार' लिहिलं. कागदावर लिहिलं तर लिहिलं. पण मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरही तेच चढलं. मास्तर हजेरी घेताना म्हणायचा, निराधार तलरेजा, उभा राहा. माझ्या मुलाला वाटायचं ते त्याचं नावच आहे." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तेव्हा माझ्या सासऱ्यांनी सांगितलं, ह्यापुढे वहीवाला दारात आला की असेल नसेल ते सगळं पुढे मांडायचं. त्याला लिहायला तो शब्द मिळता कामा नये. तसं सगळ्या कॉलनीचंच ठरलं."

"मी खोटं लिहिलं मग."

"खोटं काय त्यात? ट्रे आहेच की. एक आहे, एवढंच."

उरलेली नऊ घरं मी केली नाहीत. घरी येताना माझ्या डोक्यात ट्रे नव्हता, चटई होती. चिन्नम्माच्या आळीतली चाळीस घरं, आणि चाळीसांतही नुसती चटईच. ते मला आता पटेना.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी फॉर्म न घेता चिन्नम्माकडे गेले. आळीत शिरतानाच शिलाई मशीनची खडखड ऐकू आली. कुठंतरी तेलुगू गाणी लागली होती. चिन्नम्माच्या दारात पाऊल टाकलं तर ती मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली. मला पाहताच तिनं ब्लाउजसकट मशीनवर वाकळ ओढली. मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"फॉर्म नाही ना आज?"

"नाही."

"मग बस." तिनं वाकळ काढून टाकली आणि परत पायडल मारायला लागली.

"हे मशीन कधी घेतलंस?"

"चार वर्षं झाली. मागल्या वेळी आलीस तेव्हा तू ह्यालाच टेकून बसली होतीस. पाठीला मऊ वाकळ दिली नव्हती का मी?"

फळीवर रेडिओ होता, त्याला विणलेलं कापड घातलेलं. कोपऱ्यात लोखंडी कपाट. मी लिहिलं होतं, रेडिओ: नाही, कपाट: नाही.

"चिन्नम्मा, हे सगळं लपवायचं कुणी सुचवलं?"

"तुझ्या आईनं," ती शांतपणे म्हणाली. "सगळ्या आळीला सांगून गेली, आमच्या राजमणीला सरकारनं नेमलंय, विडीवाल्या बायकांना घरकुलं द्यायचीत, त्याची यादी करतेय. एवढं ऐकल्यावर रेडिओ कोण बाहेर ठेवील? शेजारच्या शारदानं तर कोंबड्याही माहेरी पाठवल्या."

"सरकार नाही ग. पुण्याची संस्था आहे ती. घरकुलाशी काही संबंध नाही."

तिनं पाय थांबवला. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिनं फळीवरच्या रेडिओकडे पाहिलं. "मग पंधरा दिवस आम्ही रेडिओ का लावला नाही?"

मला हसू आवरलं नाही. तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिनं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तंबाखूनं तपकिरी झालेली बोटं, कात्रीचे घट्टे.

"मशीन लपवलं, हे हात नाही लपवले. विडीचं जे लिहिलंस ते अक्षर न् अक्षर खरं आहे. दिवसाला हजार विड्या, पाठ धरते, खोकला येतो. त्यातूनच हे मशीन घेतलं. सुनेला तरी पान कातरायला लागू नये म्हणून. शंभर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारायला आलं, तर काय, आमचं बरं चाललंय म्हणून सांगायचं होतं? मग परत कोण येणार होतं?"

मी तिथून निघाले तेव्हा तिनं मला वाटी भरून शेंगा दिल्या आणि लगेच परत काढून घेतल्या. "नेम आहे तुझा, विसरलेच," म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावला आणि रोजचं स्तोत्र म्हटलं. देव्हाऱ्यात बाईंचं कार्ड होतं. खरं बोलण्याचा असा माझा काही नेम नव्हता, नेम परान्नाचा होता. बाईंना हे आपणहून कधीच कळलं नसतं. फॉर्म बरोबर भरलेले, बेरजा बरोबर, सह्या-अंगठे जागच्या जागी. आणि सांगितलं तर चिन्नम्माच्या आळीची लबाडी मीच पुण्याला कळवल्यासारखी. आई आतल्या खोलीत माझ्या मावसबहिणीला भिवंडीच्या मुलाचा फोटो दाखवत होती. चांगला होता मुलगा, कपाळ मोठं, नजर सरळ. त्याच्यात काही खोट नव्हती. मला फक्त पुण्याला जायचं होतं.

शनिवारी रेगेबाई आल्या. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांनी फॉर्म टेबलावर दोन गठ्ठ्यांत मांडले. चष्मा कपाळावर, हातात लाल पेन्सिल, आणि चेहऱ्यावर मूल पास झालेल्या आईसारखा आनंद.

"एकाहत्तरच आहेत. नऊ राहिले का? काही हरकत नाही. हे बघ राजमणी, इकडे एकतीसपैकी एकतीस घरांत काचेची भांडी. तिकडे चाळीसपैकी चाळीसांत शिलाई मशीन नाही. इतके स्वच्छ आकडे मी वीस वर्षांत पाहिले नाहीत."

"बाई," मी म्हणाले, "काचेची भांडी एकाच घरात आहेत."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. ट्रे, भिंत, वाकळ, शारदाच्या कोंबड्या. सांगताना मध्ये कुठंतरी बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या हसल्या नाहीत.

"तुला हे कधी कळलं?"

"बुधवारी अर्धं, गुरुवारी उरलेलं."

"हे सांगितलं नसतंस तर मला समजलं नसतं, हे तुला कळत होतं?"

"हो."

"पुण्याचं आपलं बोलणं लक्षात आहे ना?"

"रोज आठवतं."

"मग?"

"बाई, दोन्हीकडच्यांनी मला आत घेतलं. आता बाहेरून पाहिलेलं तुमच्या हातात ठेवायचा धीर होईना."

त्यांनी दोन्ही गठ्ठे एकावर एक ठेवले, सुतळीनं बांधले. गाठ दोनदा सुटली. "जा तू घरी," त्या म्हणाल्या. "मी कळवते."

मोतीबाईंविषयी किंवा चिन्नम्माविषयी त्यांनी एक शब्दही वाईट काढला नाही. पण पुण्याचाही काढला नाही.

बारा दिवस काही कळलं नाही. काम बिघडलं, ही बातमी मात्र आपोआप घरी पोचली. आईनं भिवंडीला होकाराचं पत्र लिहायला काढलं. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून ती मलाच सांगायला बसली आणि मी आपल्याच होकाराचा मजकूर लिहिला. पत्र नानांच्या सहीसाठी मागावर ठेवलं. नानांनी ते बाजूला सरकवलं, पानाच्या डब्याखाली. सही करीन म्हणाले, पण केली नाही.

तेराव्या दिवशी सकाळी रेगेबाई आमच्या दारात उभ्या. हातात छत्री, पायांना गल्लीचा चिखल. आईनं धावत चटई टाकली. नाना मागावर होते, धोटा इकडून तिकडे पळत होता.

"बसा," ते न थांबता म्हणाले. "मुलीचं काम बिघडलं म्हणे."

"काम बिघडलं," रेगेबाई चटईवर मांडी घालून म्हणाल्या. "पण मुलीच्या हातून नाही. प्रश्न मी काढले होते. दारात उभं राहून विचारण्याजोगेच होते ते. तसं मी संस्थेला लिहून दिलंय."

"मग संस्था काय म्हणाली?"

"रागावली."

नानांना ते आवडलं असावं. धोट्याचा वेग जरा कमी झाला.

"परत सुरुवात करायची आहे," बाई म्हणाल्या. "ह्या वेळी फॉर्म नाहीत. दोन्हीकडे जाऊन नुसतं बसायचं, महिनोन् महिने. शर्टाला बटणं लावता लावता, विड्या वळता वळता बोलायचं. पुण्याला राहायचं, शिकायचं, आणि दर महिन्याला इथं येऊन दहा दिवस हे काम. त्याला दोन वर्षं लागतील. राजमणी नसेल तर मी हे करणार नाही, कारण मला जमणार नाही."

आईनं नानांकडे पाहिलं. नानांनी माग थांबवला. घरात अचानक इतकं शांत झालं, की शेजारच्या घरातली कात्री ऐकू यायला लागली.

"एक विचारू?" नाना म्हणाले. "शेवटी पुढं कोण निघालं? ते, का आम्ही?"

मला वाटलं, आता बाई समजावणीच्या सुरात काहीतरी बोलणार. त्यांनी छत्री आडवी करून मांडीवर घेतली.

"मला माहीत नाही."

"एवढ्या शिकल्यासवरल्या तुम्ही."

"महिन्यापूर्वी विचारलं असतंत तर टक्क्यांसकट सांगितलं असतं. ते सगळं चुकीचं निघालं. आता मला खरोखर माहीत नाही."

नाना गालात हसले. मग पोट धरून हसले. मी त्यांना असं हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं.

"तीस वर्षं विचारतोय मी," ते आईला म्हणाले. "प्रत्येकाकडे उत्तर तयार. ही पहिली बाई, जिला माहीत नाही." मग रेगेबाईंकडे वळले. "घेऊन जा तिला. पण दोघांकडंही नीट बघा. घाई करू नका."

"आणि भिवंडीला काय कळवायचं?" आई म्हणाली. तिनं डबा उचलून पत्र हातात घेतलं होतं.

"कळव, मुलीला काम आहे."

"कसलं काम म्हणून सांगू?"

"सांग, जरा वेळ लागणारं आहे."

भिवंडीच्या त्या मुलाचं लग्न पुढच्या वर्षी माझ्या मावसबहिणीशी झालं. तिला त्याचा फोटो तेव्हाच आवडला होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. दोघांचं छान चाललं आहे.

आमचं बघणं दोन वर्षांत संपलं नाही, सहा वर्षं चाललं. कधी मोतीबाईंची कॉलनी पुढे दिसायची, कधी चिन्नम्माची आळी, आणि बरेचदा दोन्हीकडे त्याच त्या काळज्या फक्त वेगळ्या भाषेत ऐकू यायच्या. पुण्याहून नगरला आले की पहिली खेप माझी मागाच्या खोलीत असायची.

"कळलं का?" नाना विचारायचे.

"अजून नाही," मी म्हणायचे.

ते समाधानानं मान हलवायचे आणि पुन्हा विणायला लागायचे.